मालिकांचा शेवट आणि स्पर्धांचा निकाल

२९ जुलै २०२५ रोजी ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका नव्याने सुरू झाली, तेव्हा त्याची बातमी आमच्या घरात प्रथम आईने दिली. ‘तुलसी परत आली गं,’ ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून, ‘पण गेली कधी होती?’ हा प्रश्न तिने थट्टेने विचारला नव्हता. २००८च्या नोव्हेंबरात ती मालिका संपली होती, हे तिला खरोखरच आठवत नव्हते. मलाही तारीख शोधावी लागली. आठ वर्षे, अठराशेहून अधिक भाग, आणि शेवटी काय झाले हे आम्हा दोघींपैकी एकीलाही सांगता येईना. याउलट, त्यानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २००९मध्ये झालेली ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची अंतिम फेरी आम्हाला लख्ख आठवत होती. कोण जिंकले, शेजारच्या घरातून कोणाच्या नावाचा आरडाओरडा झाला, त्या रात्री पिठले किती उशिरा झाले, इथपर्यंत सारे.

या विसरण्यामागे आणि आठवण्यामागे काही इतिहास असावा, असे तेव्हापासून मनात घोळते आहे. मराठी साहित्य शिकवणाऱ्या व्यक्तीने मालिकांविषयी लिहिणे आमच्या व्यवसायात फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नाही. स्टाफरूममध्ये विषय निघालाच तर ‘आई बघते, त्यामुळे कानावर पडते’ असे म्हणण्याची रीत आहे. मीही कित्येक वर्षे तसेच म्हणत आले. खरे तर मी बघत होते.

आमच्या आधीच्या पिढीला मालिका म्हणजे संपणारी गोष्ट वाटत असे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांच्या रूपाने घरोघर पोहोचला. आठवड्यातून एक भाग, आणि प्रत्येक भागात एक पुरी गोष्ट. पुढे प्रायोजित मालिकांचा काळ आला, तेव्हा तेरा भागांचा हिशेब रूढ झाला. फार तर सव्वीस, फार तर बावन्न. सरकारी चौकट म्हणून आपण तिची कितीही चेष्टा केली, तरी त्या चौकटीत लेखकाला शेवट आधी ठरवावा लागे. १९८७ साली रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वरची मालिका लागली तेव्हा मी सात वर्षांची होते. थेऊरला काय होणार हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते. माधवराव जाणार, रमाबाई सती जाणार. तरीही, किंवा म्हणूनच, सगळे श्वास रोखून बसले होते. शेवट माहीत असलेली गोष्ट बघण्यात एक वेगळीच धार असते. कीर्तनाच्या आणि नाटकाच्या श्रोत्याला ती ठाऊक होती.

‘हम लोग’ची हकिगत अधिक गुंतागुंतीची आहे. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ही मालिका आपण हिंदीची पहिली मोठी कौटुंबिक मालिका म्हणून ओळखतो. पण तिचे बीज मेक्सिकोत होते. तिथे मिगेल साबिदो यांनी साक्षरता आणि कुटुंबनियोजन यांसाठी मालिका रचण्याची एक पद्धतच बसवली होती. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी ती पाहिली आणि इथे आणण्याचे मनावर घेतले. लेखन मनोहर श्याम जोशींकडे आले. सुरुवातीच्या भागांतला कुटुंबनियोजनाचा उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही, तेव्हा तो आवरता घेण्यात आला आणि घरातली माणसे पुढे आली. दीडशेच्या वर भाग झाले. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलत, आणि लोक त्यांना पत्रे लिहीत. पत्रांची पोतीच्या पोती जमली. प्रेक्षकाने गोष्टीत हात घालण्याची आपल्याकडची ही पहिली मोठी घटना म्हणता येईल. मात्र पत्र लिहिणाऱ्याला वाक्य रचावे लागते; बडकीचे लग्न व्हावे की नाही, यावर ‘मला असे वाटते, कारण’ असे म्हणावे लागते. हा ‘कारण’ शब्द पुढे मोबाइलवरच्या मतदानात गळून पडला.

यावर साहित्याचे विद्यार्थी म्हणतील, की लांबण ही काही दूरदर्शन संचाची देणगी नव्हे. खरेच आहे. ह. ना. आपटे यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ वाचकांनी प्रथम वाचली ती त्या साप्ताहिकातून, तुकड्यातुकड्यांनी. आपट्यांच्या पाल्हाळाविषयी आपण परीक्षेत प्रश्न विचारतो, आणि विद्यार्थीही इमानदारीने ‘साप्ताहिक प्रकाशनामुळे’ असे उत्तर लिहितात. त्यांच्या काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. पण पाल्हाळ आणि अंतहीनता यांत फरक आहे. यमूची गोष्ट कितीही संथ चालली तरी ती एका ठिकाणाकडे चालली आहे हे वाचकाला जाणवत असते. त्या ठिकाणाची भीतीच तर पुढचा अंक उघडायला लावते. आपल्या व्रतकथांची परंपरा तर याहून काटकसरी. कहाणी सांगणारी बाई साठ उत्तरांची गोष्ट पाच उत्तरांत आटोपते आणि सुफळ संपूर्ण म्हणून मोकळी होते. रोजच्या मालिकेने नेमके उलटे गणित मांडले.

त्या गणिताची हिंदीतली तारीख सांगता येते. ३ जुलै २००० या एकाच रात्री ‘स्टार प्लस’ वाहिनीवर नऊ वाजता ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि साडेदहाला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. एक ब्रिटिश स्पर्धेचा नमुना घेऊन आलेले, दुसरी गुजराती घराचा चौक उभारून. तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या वसतिगृहात एकच संच होता आणि त्यापुढे रात्री नऊला जागा धरून ठेवावी लागे. हर्षवर्धन नवाथे यांनी ऑक्टोबरमध्ये एक कोटी जिंकले, तेव्हा स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन बसणाऱ्या आमच्यातल्या निम्म्या मुलींना तो स्वतःचाच विजय वाटला. त्यांची घरची परिस्थिती काय, हे आम्ही कोणी विचारले नव्हते. त्यांना उत्तर येत होते, एवढे पुरेसे होते.

आणि त्याच वाहिनीवर, दीड तासाने, मृत्यूची किंमत कमी होऊ लागली होती. मिहिर मेला, प्रेक्षक खवळले, आणि मिहिर परत आला. या प्रसंगाची आपण पुष्कळ थट्टा केली आहे. पण कथनशास्त्राच्या दृष्टीने ती मोठी घटना होती. पात्राचा मृत्यू रद्द होऊ शकतो हे एकदा कळले, की कोणत्याच प्रसंगाला वजन उरत नाही. मग वीस वर्षांची उडी घेता येते, चेहरा बदलता येतो. संपण्याचा अधिकार लेखकाकडून दर आठवड्याला येणाऱ्या टीआरपीच्या आकड्याकडे जातो. मालिका ही मग गोष्ट राहत नाही. ती शेजारच्या वाहिनीवरच्या मालिकेशी चाललेली स्पर्धा होते, आणि तीत हरणाऱ्या गोष्टीला आठ-पंधरा दिवसांत गाशा गुंडाळावा लागतो. इकडे सून छळली जात असते, तिकडे वेळ संपते, आणि शेवटच्या दोन भागांत सगळ्यांना एकदम पश्चात्ताप होतो.

मराठीत हे जरा उशिरा आणि जरा निराळ्या वाटेने आले. सह्याद्री वाहिनीवरची ‘दामिनी’, मग ‘अल्फा मराठी’वरची ‘आभाळमाया’, ‘प्रपंच’, या मालिकांचे प्रेक्षक आजही त्यांच्याविषयी कादंबरीविषयी बोलावे तसे बोलतात. पण ‘ई टीव्ही मराठी’वरची ‘चार दिवस सासूचे’ २००१च्या अखेरीस सुरू झाली ती २०१३च्या जानेवारीत थांबली. तीन हजारांहून अधिक भाग. रोहिणी हट्टंगडी यांच्यासारखी अभिनेत्री, जिने ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा साकारल्या, ती अकरा वर्षे आशा देशमुख होती. या अकरा वर्षांत आमच्या घरात माझे लग्न झाले, वडील गेले, आईच्या दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. वडील गेल्यानंतर तेराव्या-चौदाव्या दिवशी आईने संध्याकाळी स्वतः उठून संच लावला. मला तेव्हा राग आला होता. आज वाटते, की त्या घरात एक आवाज नेहमीच्या वेळी सुरू होत होता, एवढीच तिची त्या दिवसांतली गरज होती. त्या मालिकेच्या कथानकावर मी कठोर टीका करू शकते, पण त्या संध्याकाळी ती आमच्या घरात जे करत होती त्यावर नाही. समीक्षेची आपली अवजारे इथे थोडी बोथट पडतात, हे कबूल केले पाहिजे.

कबूल करून पुन्हा टीकेकडे वळते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ साली सुरू झाली, तेव्हा नागपूरकडची बोली बोलणारी राधिका नायिका म्हणून मध्यभागी उभी राहिली, याचा मला मनापासून आनंद झाला होता. वैदर्भी बोलीला तोवर आपल्या पडद्यावर बहुधा विनोदापुरते स्थान होते. नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी प्रकरण आहे हे समजल्यावर राधिका काय करणार, हा प्रश्न खरा होता आणि त्याला शेवट हवा होता. तो शेवट आला असता तर ती मालिका आपल्या स्त्रीकथांच्या रांगेत बसली असती. ती २०२१च्या मार्चपर्यंत चालली. मसाले दळणारी राधिका मोठी उद्योजिका झाली, आणि तो मूळ प्रश्न कुठे हरवला ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

अपवाद आहेत, आणि ते बोलके आहेत. ‘उंच माझा झोका’ ही रमाबाई रानड्यांवरची मालिका २०१२-१३ मध्ये झाली. त्या वर्षी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१०चे पुस्तक माझ्याकडे एकाच वर्गातल्या चार मुलींनी वाचायला मागितले. एरवी ते नेमलेले असले तरी कोणी मागत नाही. त्या गोष्टीला रमाबाईंच्या आयुष्याचा कणा होता. तो कोणाला हवा तसा वाकवता येणार नव्हता.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, चित्रीकरणे थांबली आणि सगळ्या मालिका वाक्याच्या मधोमध तुटल्या. दूरदर्शनने २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले. आई सकाळ-संध्याकाळ तेच पाहू लागली. जुलैत रोजच्या मालिकांचे नवे भाग आले. मधले जवळपास चार महिने कोणत्या गोष्टीत काय राहून गेले होते, असे मी तिला विचारले. तिने बराच विचार केला. ‘काही राहिलं नव्हतं,’ म्हणाली.

आता स्पर्धांकडे. आपल्याकडे स्पर्धा नवी नाही. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर रात्र रात्र सवाल-जवाब करत, शक्ती श्रेष्ठ की शिव यावर भांडत. राज्य नाट्यस्पर्धा १९५४पासून आहे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३पासून. यांतल्या नाट्यस्पर्धांत परीक्षक अंधारात बसतो. त्याचा चेहरा कोणाला दिसत नाही, त्याने डोळे पुसले की नाही हे कोणाला कळत नाही. त्याचा निकाल चुकतोही, त्यावर वर्षानुवर्षे वाद घातले जातात, पण त्या निकालाचा विषय रंगमंचावर घडलेले नाटक हाच असतो.

‘लिटिल चॅम्प्स’चे २००८-०९चे पर्व या जुन्या आणि नव्या पद्धतींच्या उंबरठ्यावर उभे होते, म्हणून ते मला महत्त्वाचे वाटते. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत, मुग्धा वैशंपायन ही पाच मुले अंतिम फेरीत होती. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, पल्लवी जोशी सूत्रधार. परीक्षक गुणांऐवजी स्वर देत. त्यात वरच्या स्वरांचीच उधळण फार होई, इतकी, की ‘ध’ मिळाला की मुलाचे तोंड उतरे. (आमच्या अंतर्गत गुणांचेही तसेच झाले आहे, असो.) पण त्या मंचावर नाट्यपद, अभंग, भावगीत, लावणी एकामागून एक येत. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एकत्र बसत, ते त्या गाण्यांसाठी. मराठी गीतपरंपरेचा असा सर्वांगीण अभ्यासक्रम कोणत्याही विद्यापीठाने लावला नसेल. अखेरचा निकाल मात्र लोकांच्या एसएमएसवर होता. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि नेहमीपेक्षा महाग पडणारे ते संदेश आईच्या वतीने पाठवत होते. आपण परीक्षक झालो आहोत याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता. कोणत्या निकषावर, असे मी विचारले नाही. विचारायला हवे होते का, हे अजून ठरत नाही. त्याच २००८ साली एका बंगाली स्पर्धेत परीक्षकांच्या शेऱ्यांनंतर एक शाळकरी मुलगी गंभीर आजारी पडल्याची बातमी देशभर गाजली होती, आणि आम्ही ती वाचूनही संदेश पाठवतच राहिलो. २०२१मध्ये हीच पाच मुले, आता मोठी झालेली, ‘लिटिल चॅम्प्स’च्या नव्या पर्वात परीक्षकांच्या खुर्चीत बसली.

त्यानंतरच्या वर्षांत स्पर्धेच्या पोटात गोष्ट वाढत गेली. गाण्याआधी स्पर्धकाच्या घरची चित्रफीत, पत्र्याचे छप्पर, आईचे हात, वडिलांचे कर्ज, मग गाणे, मग परीक्षकाचे अश्रू. ‘बिग बॉस मराठी’ २०१८च्या एप्रिलात आले तेव्हा तर गाण्याचीही गरज उरली नव्हती. तिथे राहणे हीच स्पर्धा होती. २०२४च्या पर्वात बारामती तालुक्यातला सूरज चव्हाण जिंकला. त्याच्या विजयावर आमच्या वर्गात जी चर्चा झाली, तशी चर्चा दलित आत्मकथनांवरही अलीकडे होत नाही. एक गट म्हणत होता, की तो खेळलाच नाही, त्याला सहानुभूती मिळाली. दुसरा म्हणत होता, की सुखवस्तू घरातल्या माणसांच्या सफाईदार बोलण्याला तुम्ही ‘खेळ’ म्हणता आणि त्याच्या अडखळण्याला ‘सहानुभूती’. मला दुसऱ्या गटाचे म्हणणे अधिक पटले. आपल्या समाजात वंचिताला व्यासपीठ मिळण्याचे मार्ग इतके थोडे आहेत, की त्याने मिळालेल्या मार्गाने जावे यात गैर काहीच नाही. माझी तक्रार त्या मुलाविषयी नाही. ज्याच्या दुःखाला बाजारात भाव आहे त्यालाच आत घेणाऱ्या दाराविषयी आहे.

कारण त्या दाराशी माझा एक विद्यार्थी जाऊन आला होता. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चांगला गात असे. गळ्यात तयारी होती, शब्दांची समज त्याहून अधिक होती. एका वाहिनीच्या गायनस्पर्धेच्या निवडचाचणीला तो रात्रभर एसटीने प्रवास करून गेला. परतल्यावर मी विचारले, काय गायलास? त्याने सांगितले, की गाण्याआधी एक अर्ज भरून घेतला आणि मग एका खोलीत बसवून घरची परिस्थिती विचारली. वडील साखर कारखान्यात कारकून, आई घरी, बहीण शिकते, घर स्वतःचे. आणखी काही? कोणी आजारी? गाण्याला घरून विरोध? नाही. मग त्याने दोन कडवी गायली, आणि ‘कळवू’ असे सांगण्यात आले. माझ्यासमोर उभा राहून तो हसत म्हणाला, ‘मॅडम, माझ्याकडे स्टोरी नव्हती.’

त्याच्याहून चांगले गाणारे त्या दिवशी अनेक असतील. निवड न होण्याचे ते साधे कारणही असू शकते. पण त्याने स्वतःला जे कारण सांगितले ते हे होते. बावीस वर्षांच्या मुलाला आपले सुखरूप घर उणे वाटले. मी त्याला दोन वर्षे कथा हा वाङ्मयप्रकार शिकवला होता. साध्या माणसाच्या साध्या दिवसातही कथा असते, हे मी त्याला चेकॉव्ह आणि आपले नवकथाकार समोर ठेवून सांगितले होते, आणि त्याने ते उत्तरपत्रिकेत नीट लिहिलेही होते.

२०२२ साली पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कोणत्याच महाविद्यालयाला न देण्याचा निर्णय घेतला. त्या दर्जाची एकांकिका झाली नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यावर पुष्कळ वाद झाला. मुलांच्या मेहनतीचा अपमान झाला असे अनेकांना वाटले, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य असेल. मला मात्र ती बातमी वाचून प्रथम त्या विद्यार्थ्याची आठवण झाली. वाहिनीवरच्या कोणत्या स्पर्धेत असा निकाल शक्य आहे? तिथे अंतिम फेरीची रात्र ठरलेली असते, झगमगाट ठरलेला असतो, धनादेशाची ती भलीमोठी पाटी आधीच छापलेली असते. कोणीतरी जिंकावेच लागते. मालिकेला संपता येत नाही, आणि स्पर्धेला ‘कोणीही नाही’ असे म्हणता येत नाही. मी ती बातमी त्याला पाठवली. तो आता एका पतसंस्थेत नोकरी करतो आणि गावातल्या भजनी मंडळात गातो. त्याचे उत्तर आले, ‘बघा ना. नाटक तर नाटकच होतं ना, त्यात कुणाच्या घरचं काय दाखवलं नाही.’

आई हल्ली तुलसीचे नवे भाग बघत नाही. दोन-तीन पाहिले आणि सोडून दिले. संध्याकाळी सात वाजता ती संच लावते, आवाज बारीक करते आणि समोर बसून भाजी निवडते. पडद्यावर कोणाचे तरी लग्न चाललेले असते.